ऑनलाइन यादीतला शेतकरी आणि मंडईतल्या मावशी

पत्राचा सारांश: 'मी कोल्हापुरात राहते. वय 34, मुलगी पहिलीत आहे. मुलीच्या पोटात फवारणीचं औषध जाऊ नये आणि आपला पैसा आपल्याच भागातल्या शेतकऱ्याला मिळावा, म्हणून एका ऑनलाइन डिरेक्टरीवरून सेंद्रिय माल विकणारे शोधायला लागले. कोल्हापूर टाकलं की भरपूर नावं येतात. पण काही फोन लागतच नाहीत. एकाने सेंद्रिय म्हणून काळा गूळ दिला, तो कुठल्या गुऱ्हाळाचा हे त्यालाच सांगता येईना. एका शेतकऱ्याची भाजी आवडली, पण दर मंडईच्या दीडपट, आठवड्यातून एकदाच येते आणि त्याच त्याच तीन भाज्या. सासूबाई वर्षानुवर्षं कपिलतीर्थ मंडईतल्या एका मावशींकडून माळवं घेतात. त्या म्हणतात, "मोबाइलमध्ये बघून माळवं घेतात व्हय?" नवऱ्याला खर्चाचा मेळ बसत नाही. मंडईतलं घेतलं की मला अपराधी वाटतं आणि नाही घेतलं तर मावशींच्या समोरून जाववत नाही. या यादीवर विश्वास ठेवू की नाद सोडून देऊ?'

ताई,

यादीवर विश्वास ठेवा, पण पत्त्यापुरता. त्यापुढचं काम यादी करत नाही आणि ती ते करते असं आपण धरून चालतो, तिथेच तुमची दमछाक झाली आहे.

अशा बहुतेक डिरेक्टऱ्यांमध्ये नाव कसं चढतं ते आधी बघा. विकणारा स्वतः फॉर्म भरतो. गाव, फोन, माल काय, 'सेंद्रिय' या चौकोनात टिचकी, एखादा फोटो. पुष्कळदा तेवढंच. कुणी शेतावर जाऊन आलेलं नसतं. सुरुवातीला उत्साहाने नाव टाकलेला शेतकरी दोन हंगामांनी भाजी सोडून पुन्हा ऊस लावतो आणि नाव तसंच राहतं. म्हणजे न लागणारा फोन ही दरवेळी फसवणूक नसते, कुणाचा तरी न जमलेला प्रयत्नही असतो. नावापुढे 'पडताळलेले' असा शिक्का असेल तर तो कुणी दिला, कशावरून दिला, हे त्या यादीतच कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तो शिक्का मोजू नका. नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख दिसत असेल तर आधी तीच बघा. आणि शोधताना 'कोल्हापूर' टाकू नका, तालुका टाका. शहराचं नाव टाकलं की शहरात दुकान असलेले लोक वर येतात. आजरा, भुदरगड, राधानगरी, शिरोळ, पन्हाळा असं शोधलं की रानातली माणसं दिसायला लागतात.

आता तुमच्या मनातल्या गोष्टीकडे येते. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. मुलीच्या ताटात औषध नको. पैसा जवळच्या शेतकऱ्याकडे जावा. आणि जमीन, पाणी टिकावं. या तिन्ही एकाच पिशवीत मिळतील असं तुम्ही गृहीत धरलंय. कधी मिळतात, पण पुष्कळदा नाही मिळत. आपल्या जिल्ह्यात उसाइतकं स्थानिक काय आहे? पण रासायनिक खताचा मारा आणि पाटाचं मोकाट पाणी यांनी नदीकाठच्या जमिनी खारावल्या, त्याही याच स्थानिक पिकाने. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळतात. दुधात पाणी नाही एवढं त्यावरून नक्की कळतं. म्हशीने काय खाल्लं, तिला कुठलं इंजेक्शन दिलं होतं, हे समोर उभं राहूनही कळत नाही. (आणि कितीही ताजं असलं तरी मुलीला ते उकळूनच द्या, कच्चं नको.) जवळून बघितल्याने काही गोष्टी कळतात, सगळ्या कळत नाहीत. म्हणून प्रत्येक मालाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

गुळाचंच घ्या, कारण तुमची सगळ्यात मोठी चिडचिड तिथे झाली आहे. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ, ही समजूत आपल्याकडे आता इतकी पसरली आहे की ती ओळखूनच काहीजण माल गडद करतात. गुळाचा रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर, रस किती आटवला यावर ठरतो. चांगल्या जमिनीतल्या उसाचा, काही न घालता केलेला गूळ सोनेरी तांबूसही निघतो. उलट करपलेला गूळही काळाच असतो. पिवळाधमक, जवळजवळ पांढुरका गूळ दिसला तर मात्र शंका घ्या. तो बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरीने उजळलेला असतो. शेतकरी ही पावडर हौसेने घालत नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून हे शहर गुळाचा सौदा करत आलं आहे. आपल्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि सौद्यात उजळ रंगाला भाव मिळतो. तांबूस ढेप घेऊन गेलेला माणूस कमी दर घेऊन परत येतो. तुम्ही तांबूस गूळ मागून घेतलात तर त्याच्यावरचा तो दाब थोडा तरी हलका होतो.

तर गुळासाठी यादीतलं दुकान शोधू नका, गुऱ्हाळ शोधा. दिवाळीनंतर मार्चपर्यंत करवीर, पन्हाळा, कागल भागात ती पेटलेली असतात. मुलीला घेऊन जा. रस आटवायच्या काहिलीपाशी उभं राहिलं की बरंच काही उघड दिसतं. रस तापायला लागला की वर मळी येते. गुळव्या भेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी त्यात सोडतो, मळी एकत्र येते आणि तो ती झाऱ्याने काढत राहतो. भेंडीच्या पाण्यात वावगं काही नाही, ती जुनी रीत आहे. नंतर रस घट्ट होऊन मोठे बुडबुडे फुटायला लागले, की पिशवीतून पांढरी पावडर पडते का, ते बघा. पडली तर रंग बघता बघता उतरतो. चुलवणात चिपाडच जळतंय ना, की वासावरून आणखी काही जळत असल्याचं कळतंय, तेही बघा. साखर मिसळली का, हा प्रश्न सरळ विचारा. साखरेची पोती आडोशाला ठेवलेली असली तर उत्तराची गरज पडत नाही.

हे सगळं बघून समाधान झालं, तरी एक प्रश्न उरतो आणि तो फार थोडे लोक विचारतात: ऊस कुणाचा? काहिलीत काहीही न घालता केलेला गूळ 'केमिकल-फ्री' असतो, पण तो ऊस युरियावर आणि तणनाशकावर वाढलेला असू शकतो. त्याला सेंद्रिय गूळ म्हणता येत नाही. विकणारा यातला फरक स्वतःहून सांगत असेल, 'ताई, ऊस नेहमीचाच आहे, गुळात मात्र काही नाही' असं म्हणत असेल, तर त्या माणसाकडून डोळे मिटून घ्या. बिनऔषधी गूळ पावसाळ्यात ओल धरतो, पाघळतो. म्हणून मेच्या आत घेऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

भाजीवाल्या शेतकऱ्याला फोन केलात की 'सेंद्रिय आहे का?' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. त्याऐवजी विचारा, 'सध्या रानात काय आहे?' ऐन मे महिन्यात जो फ्लॉवर, मटार, कोबी, पालक सगळं आहे म्हणतो, तो दुसरीकडून माल घेऊन विकतोय. व्यापार करणं वाईट नाही, पण मग माल कुठून येतो ते त्याने सांगायला हवं. जो म्हणतो, 'आता दोडका, गवारी आणि थोडी चवळी, बाकी पाऊस पडल्यावर,' त्याच्याकडे खरंच रान आहे. तुमच्या त्या शेतकऱ्याच्या त्याच त्याच तीन भाज्या ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. मला तो त्याच्या खरेपणाचा पुरावा वाटतो.

दुसरा प्रश्न, 'मावा पडला, अळी आली तर काय करता?' निंबोळी अर्क, दशपर्णी, गोमूत्र, किडकी वांगी तोडून टाकणं, जे काही करत असेल ते तो तपशिलाने सांगेल. आणि समजा कुणी म्हणालं, 'वांग्याला शेंडेअळी आवरतच नाही, तेव्हा एक फवारणी मारतो, पण मग औषधाच्या पुडीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडत नाही,' तर फोन ठेवून देऊ नका. 'आम्ही काहीच मारत नाही' एवढंच म्हणून गप्प बसणाऱ्यापेक्षा मला हा माणूस मोलाचा वाटतो. भाजीतला औषधाचा अंश बऱ्याच प्रमाणात शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले यावर ठरतो, आणि ते दिवस पाळणारा शेतकरी 'सेंद्रिय' नसला तरी तुमच्या मुलीची काळजी घेतोय.

तिसरं म्हणजे, 'एकदा रान बघायला येऊ का?' एवढं विचारा. दरवेळी जायलाच हवं असं नाही. विचारल्यावर पलीकडून येणारा आवाज पुरतो.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडे सेंद्रियचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, 2001 पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था येऊन तपासते. यात हंगामी पिकांना किमान 2 वर्षांचा रूपांतराचा, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ काढावा लागतो. या प्रमाणपत्रावर कुठलं पीक, किती क्षेत्र आणि मुदत कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं, तेव्हा ते मागितलंत तर तेवढं वाचा. हळदीचं प्रमाणपत्र दाखवून गूळ विकता येत नाही. दुसरा पीजीएस, म्हणजे सहभाग हमी. त्यात किमान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन', पुढे 'पीजीएस-ऑर्गॅनिक'. छोट्या शेतकऱ्याला हा परवडतो. केंद्र सरकारचं 'जैविक खेती' पोर्टल आणि पीजीएस-इंडियाचं संकेतस्थळ या दोन ठिकाणांपासून शोध सुरू केलात तर निदान नावामागे काही कागद असतो. दुकानातल्या पाकिटावर मात्र 'जैविक भारत'चं चिन्ह हवंच, तो नियम 2018 पासून लागू आहे. स्वतः पिकवून थेट तुमच्या हातात देणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे, त्यामुळे त्याच्याकडे कागद नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. भौगोलिक मानांकन ही याहून निराळी गोष्ट आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये आणि आजरा घनसाळ तांदळाला 2016 मध्ये ते मिळालं. माल त्या भागातला आणि त्या गुणाचा आहे, एवढं त्यातून कळतं. शेतात काय टाकलं, याबद्दल त्यात काही नाही. विकणारे या दोन्हींची सरमिसळ करतात.

आता मावशी. त्यांना सोडायचं कशाला? त्यांच्या पाटीकडे एकदा नीट बघा. मेथीच्या जुड्या लहानमोठ्या आहेत, केळीच्या सोपटाने बांधल्यात, मुळांना ओली माती आहे, शेजारी दहा-बारा वांगी, थोडी कोथिंबीर, एखादा भोपळा. असा तुटपुंजा, एकसारखा नसलेला माल असेल तर तो बहुधा त्यांच्या किंवा भावकीतल्या रानातला आहे. एकाच मापाच्या टोमॅटोचं क्रेट आणि महिनाभर सारखाच फ्लॉवर असेल तर तो पहाटे मार्केट यार्डात सौद्यात घेतलेला. बऱ्याच जणींकडे दोन्ही असतं, आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर त्या बोट ठेवून सांगतात, 'हे घरचं, हे यार्डातलं.' सासूबाईंनी विचारलं तर नक्की सांगतील. 'औषध कधी मारलं होतं, मावशी?' हेही त्यांनाच विचारू द्या. तुमच्या सासूबाईंकडे जे आहे, तेच तुम्ही मोबाइलवर शोधताय: पिकवणाऱ्याची ओळख. ती वर्षानुवर्षांत तयार झाली आहे. त्यांचं वाक्य तुम्हाला टोमणा वाटला असेल, पण एकदा त्यांनाच पुढे घालून मंडईत जा आणि त्या काय काय बघतात, ते बघा. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातही चिखली, आंबेवाडी, वडणगे भागातल्या अशा बायका भेटतील. जुलै 2016 पासून भाजी-फळं बाजार समितीच्या बंधनातून मोकळी आहेत. शेतकऱ्याला थेट विकायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण असते ती बसायला जागा आणि ठरलेलं गिऱ्हाईक मिळण्याची, आणि त्यातली दुसरी तुम्ही भागवू शकता.

'स्थानिक'ची रेघही फार आखडू नका. निपाणी आपल्याला आपल्याच जिल्ह्यातल्या चंदगडपेक्षा कितीतरी जवळ आहे, ती कर्नाटकात आहे म्हणून परकी होत नाही. गहू आपल्याकडे मुबलक पिकत नाही, तो बाहेरून येणारच. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठचं माळवं पाण्याखाली गेलं, तेव्हा लांबून आलेल्या भाजीनेच घरं चालली. आणि किलोभर वांग्यांसाठी गाडी काढून पन्हाळ्याच्या पायथ्याला जाऊन येण्यात ना पैसा वाचतो ना पेट्रोल. बिल्डिंगमधल्या किंवा भिशीतल्या चार-पाच जणींनी मिळून एका शेतकऱ्याला आठवड्याची ठरलेली मागणी द्या. त्याची फेरी वसूल होते आणि दर उतरवायला तोही तयार होतो. आगाऊ थोडे पैसे दिलेत तर तुम्हाला हवी ती भाजी तो पुढच्या लावणीत धरेल. पिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती असते ती तोडलेला माल अंगावर पडण्याची.

तुमच्या नवऱ्याचा हिशेब खोटा नाही. रोजच्या भाजीवर दीडपट देत राहिलात तर महिन्याअखेरी ओढाताण होणारच आणि मग सगळंच बंद पडेल. म्हणून सुरुवात वर्षातून एकदा घ्यायच्या मालापासून करा. तांदूळ, गूळ, चटणीची मिरची. यांत थेट घेतल्याने मधली अडत वाचते, आणि फरक कधी कधी भरूनही निघतो. घनसाळ, काळा जिरगा, जोंधळा जिरगा हे आपल्या डोंगरी तालुक्यांतले जुने तांदूळ सुगीनंतर, डिसेंबर-जानेवारीत, थेट शेतकऱ्याकडून मिळतात. या जुन्या जातींना खताचा फारसा हव्यास नसतो. त्यांचा उतारा कमी पडतो म्हणून दर चढा असतो, तिथे घासाघीस करू नका. नवा तांदूळ चिकट होतो, तो काही महिने मुरू द्या. औषधाची गोळी न टाकता ठेवलेल्या तांदळात टोके होणारच. उन्हाळ्यात चाळून, सावलीत वारं देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिला किडा दिसल्यावर भांडण होणार नाही. पावसाळ्यात ऑगस्टच्या सुमाराला कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. टाकळा, कुरडू, भारंगी यांना कुणी फवारणी करत नाही, आणि तिथे भेटणाऱ्या बायकांचे नंबर पुढे तांदूळ-नाचणीसाठी कामाला येतात.

रोजच्या भाजीत फक्त पालेभाजी आणि मुलगी कच्चं खाते ते, म्हणजे काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, एवढंच त्या यादीतल्या शेतकऱ्याकडून घ्या. बाकी मावशींकडून. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरची धूळ आणि वरवरचा अंश बराचसा जातो. झाडाच्या आत भिनणारी औषधं धुऊन जात नाहीत, त्यासाठीच तोडणीचा प्रश्न विचारायचा. पण सेंद्रिय मिळाली नाही म्हणून मुलीच्या ताटातली पालेभाजी एकाही दिवशी कमी करू नका. तो तोटा नक्की आहे.

आणि यादी सोडू नका, दुरुस्त करा. न लागणाऱ्या नंबरांची तिथे नोंद करा. गुळाचा अनुभव नावं न ठेवता, जसा घडला तसा लिहा: 'कुठल्या गुऱ्हाळाचा ते सांगता आलं नाही.' तुमच्या तीन भाज्यांच्या शेतकऱ्याबद्दल तो काय, कधी, किती दराने देतो आणि तुम्ही काय विचारलंत, हे लिहा. सांगली, इचलकरंजी, बेळगावात तुमच्यासारखीच कुणीतरी आज रात्री तेच शोधत बसलेली असेल. मावशींचं नाव घालावंसं वाटलं तर त्यांना आधी विचारा. फोन बहुधा मुलाकडे असतो, तो उचलणार कोण आणि रोज किती जुड्या देता येतील, एवढं ठरल्यावरच नंबर टाका. मागणी आली आणि माल नसला, तर यार्डातून आणून भागवायची वेळ त्यांच्यावर येईल.